दुकान वाढवायच्या, म्हणजे बंद करायच्या, वेळी आलेलं गिऱ्हाईक: साडी-कापड दुकानदारांसाठी क्रमवार पद्धत

रात्रीचे पावणेनऊ. गल्ल्यावरचा माणूस नोटा लावायला लागलाय, पोरं घड्या घालतायत, आणि दारात सात जणांचं कुटुंब चपला काढतंय. "फक्त बघायचंय हो, दोन मिनिटं."

इथून पुढे बहुतेक दुकानांत दोनपैकी एक होतं. एक तर कोणीतरी मागच्या बाजूचे दिवे घालवतो, झाडू काढतो, आणि गिऱ्हाईक तोंड पाडून परत जातं. नाहीतर सगळ्यांना गादीवर बसवतात, पन्नास साड्या उघडल्या जातात, साडेदहाला "उद्या ह्यांना घेऊन येते" ऐकायला मिळतं, आणि तोवर पोरांची शेवटची एसटी निघून गेलेली असते.

दोन्हीकडे चूक एकच: वेळेचं बोलणं उशिरा होतं. पहिली साडी रॅकमधून निघायच्या आत "नऊला दुकान वाढवतो" म्हणालात तर कोणी रागावत नाही. वीस साड्या उघडल्यावर तेच वाक्य म्हणालात तर हाकलल्यासारखं वाटतं. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीवर बेतलेला आहे. उदाहरणं तालुक्याच्या पेठेतल्या साडीच्या दुकानातली आहेत, कारण मी तिथेच बसतो.

१. आधी वेळा ठरवा, आणि त्या तीन ठरवा

"दुकान नऊला बंद" हे अर्धवट वाक्य आहे. नऊला काय बंद? नवीन गिऱ्हाईक, की बिल, की दिवे? मालकाच्या डोक्यात एक असतं, पोरांच्या डोक्यात दुसरं, गिऱ्हाइकाच्या डोक्यात तिसरं. म्हणून तीन वेळा वेगळ्या लिहून काढा:

पहिली, गादीवर बसवून साड्या दाखवायची शेवटची वेळ. दुसरी, शेवटचं बिल. तिसरी, शटर आणि कुलूप.

मधलं अंतर अंदाजाने ठेवू नका, घड्यांवरून काढा. सहावारी साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर कापड, नऊवारी सव्वाआठ मीटर. पूर्ण उलगडलेली साडी जरीची दिशा सांभाळून पुन्हा घडीत बसवायला सरावलेल्या हातालाही दोन मिनिटं लागतात. तीस साड्या उघडल्या तर एका माणसाचा एक तास झाला. दोघे असतील तर अर्धा. आमच्याकडे गादीची वेळ साडेआठ, बिलाची नऊ, कुलूप साडेनऊ. तुमच्याकडे माणसं कमी असतील तर गादीची वेळ आणखी आधी घ्या. कुलूप पुढे ढकलून हा हिशेब जुळत नाही, कारण शेवटी ढकललं जातं ते पोरांचं जेवण.

दारावरच्या पाटीवर आणि गूगल मॅपवर दुसरी वेळ टाका, तिसरी नव्हे. ही चूक फार दुकानांत आहे. मॅपवर साडेनऊ दिसतं म्हणून माणूस वीस किलोमीटरवरून सव्वानऊला येतो, आणि मग आपण त्यालाच दोष देतो. सणाच्या दिवसांत वेळ बदलली की मॅपवरही त्याच दिवशी बदला. दुपारी जेवणासाठी दुकान बंद ठेवत असाल तर तीही वेळ लिहा. पुण्याच्या एक ते चारवर लोक विनोद करतात, पण निदान ती वेळ सगळ्यांना पाठ तरी असते.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायला मोकळीक दिली, पण कामगाराचे तास मोकळे सोडले नाहीत. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यायचा असतो. रात्री साडेनऊनंतर स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची. तुमच्याकडे माणसं मोजकीच असतील आणि कायद्याची काही कलमं तुम्हाला लागू नसतील, तरी काउंटरवरच्या ताईला दहा वाजता एकटीला रिक्षा शोधायला लावू नका.

तपासा: दुकानातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, "नवीन गिऱ्हाईक कितीपर्यंत घ्यायचं?" दोन उत्तरं आली तर हा टप्पा अजून झालेला नाही.

२. शेवटच्या तासाआधीची तयारी

गिऱ्हाईक येण्याआधी हे उरकलेलं असलं की निम्मी चिडचिड कमी होते. साधारण साडेसातला सुरुवात करा.

गादी मोकळी करा. दुपारपासून पडलेला ढीग साडेआठला तसाच असेल तर नवीन साड्या त्याच्यावर पडतात आणि घड्यांचं काम दुप्पट होतं. शिवाय ढीग पाहिला की गिऱ्हाईक म्हणतंच, "ह्यातलीच ती हिरवी दाखवा ना," आणि मग पूर्ण ढीग पुन्हा उलटापालटा.

फॉल-पिकोला गेलेल्या साड्या, शिवायला दिलेले ब्लाउज, परत न्यायला येणारी माणसं, यांची यादी बघून ठेवा. रात्री येणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त हे न्यायला येतात. पिशवी नावानिशी तयार असेल तर त्याला दोन मिनिटं लागतात. नसेल तर कारागिराला फोन, मग वाट बघणं, आणि वाट बघताना "तोवर जरा साड्या बघते."

सुटे पैसे वेगळे काढून ठेवा. गल्ल्याची मुख्य रोकड मोजायची घाई करू नका. ते शटर खाली आल्यावरचं काम आहे. मोजलीत तरी दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा बाहेर राहू द्या. "सुटे नाहीत, पैसे आत बांधून ठेवले" हे नऊला पाच कमी असताना कोणाला ऐकवत नाही.

केर काढायचा तो दिवेलागणीच्या आत काढा. दिवा लागल्यावर केर काढू नये, लक्ष्मी जाते, असं आमचे वडील म्हणत. लक्ष्मीचं लक्ष्मी जाणे, पण रात्री पावणेनऊला झाडू फिरवला की धूळ सिल्कवर बसते, आणि गिऱ्हाइकाला झाडू आपल्यावरच उगारल्यासारखा वाटतो. दोन्ही कारणांनी वडिलांचं बरोबर होतं.

आज शेवटपर्यंत कोण थांबणार हे आधीच ठरवा. ज्याची एसटी साडेआठची आहे त्याला सव्वाआठला मोकळा करा, मग दारात कोणीही उभं असो. पाळी लावा. रोज एकच पोरगा थांबला तर रात्री येणाऱ्या प्रत्येक माणसाशी तो तुसडेपणाने बोलेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

३. उंबऱ्यावरची तीन वाक्यं

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. वेळ जेमतेम अर्धा मिनिट.

एक, आधी स्वागत: "या ताई, या." मान वर करून, हातातलं काम थांबवून. दोन, प्रश्न: "काय हवंय, आणि लागणार केव्हा?" तीन, वेळ: "नऊला बिलं बंद करतो आम्ही."

क्रम मोडू नका. वेळ आधी सांगितली तर ती नकारासारखी ऐकू येते. स्वागत करून वेळ सांगितलीच नाही तर पुढचं सगळं गाडं अडतं. आणि "काय हवंय" एवढंच विचारलंत तर "साड्या" एवढंच उत्तर येतं, त्यातून काही कळत नाही. खरा कामाचा शब्द "केव्हा" आहे. पुढच्या महिन्यातलं लग्न, परवाची बारशाची ओटी आणि उद्या सकाळचं मुंजीचं बोलावणं, तिन्ही गिऱ्हाइकं दारात सारखीच दिसतात. "केव्हा" विचारलं की वेगळी होतात.

उत्तरावरून साधारण पाच प्रकार पडतात.

अ) एकच ठरलेली वस्तू हवी असलेले. अस्तर, परकर, ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी, फॉलचा रंग. यांना कधीही परत पाठवू नका. काउंटरवरच द्या, गादीवर बसवू नका.

आ) उद्याचं अडलेलं. सकाळी सहाच्या गाडीने जायचंय, आहेराची साडी राहिलीय. हे गिऱ्हाईक पटकन घेतं, कारण त्यालाही घाई असते. याच्यासाठी दहा मिनिटं जास्त थांबलात तर ती वाया जात नाहीत.

इ) बस्ता. याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

ई) जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला आलेले, किंवा एसटीला अर्धा तास आहे म्हणून आत शिरलेले. यांना तोंड वाकडं करू नका. "बघा की, पण उघडून दाखवणं आता सकाळीच," असं हसून सांगा आणि बाहेर टांगलेला माल दाखवा. आज घेत नसले तरी हीच माणसं दसऱ्याला येतात.

उ) बदलायला आलेले. शेवटच्या अर्ध्या तासातली बहुतेक भांडणं यांच्याशी होतात. बिल आणि साडी बघा, डाग नाही, फॉल लावलेला नाही, तर वाद न घालता साडी ठेवून घ्या, बिलाच्या मागच्या बाजूला रकमेची नोंद करून द्या आणि म्हणा, "दुसरी निवडायला सकाळी निवांत या." घ्यायची नसेल तर तेही लगेच सांगा. "बघतो, थांबा" म्हणून वीस मिनिटं उभं करून मग नाही म्हणणं सर्वांत वाईट.

आणि एक सहावा प्रकार, जो स्वतःहून काही सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी मी शटर ओढत होतो. एक माणूस आला, पायात स्लीपर, हातात पिशवीसुद्धा नाही. मी म्हणालो, "आता सकाळी या." तो म्हणाला, "सकाळी उपयोग नाही." आणि गेला. दहा पावलं गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. धावत जाऊन त्याला आणलं. बहीण गेली होती. तिला माहेरची साडी न्यायची होती.

मर्तिकाचं पांढरं कापड, उपरणं, दुखवट्याची साडी मागायला येणारा माणूस दारात कारण सांगत बसत नाही. तो एकटा येतो, घाईत येतो, भाव विचारत नाही, रंगाबद्दल बोलत नाही. अशा वेळी घड्याळ बघायचं नाही. शटर पुन्हा वर करायचं. वरच्या घडीतल्या दोन-तीन साड्या पुढे ठेवायच्या, भाव वाजवी लावायचा, पिशवीत घालून द्यायच्या. "पुन्हा या" म्हणायचं नाही. ही सवय नवीन पोरांना पहिल्या आठवड्यातच शिकवा, कारण त्यांच्या तोंडात प्रत्येक बिलानंतर "पुन्हा या" बसलेलं असतं.

सावध: हॉस्पिटलमधून आलेल्या माणसाचंही असंच. बाळंतिणीसाठी मऊ सुती साडी किंवा दुपट्याचं कापड नेणाऱ्याला सकाळचा वायदा देऊ नका.

४. बस्ता रात्री बांधायचा नाही

लग्नाचा बस्ता म्हणजे नवरीच्या साड्या, मानपानाच्या साड्या, आहेराचे शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोप्या. दोन्हीकडची माणसं असतात, त्यात एक तरी मामी अशी असते जिला आणलेली कुठलीच साडी पसंत नसते. हे काम तीन-चार तासांचं आहे. ते साडेआठला सुरू करणारा दुकानदार धाडसी नाही, त्याने हिशेब केलेला नाही एवढंच.

तरी मोठं बिल दिसतं म्हणून मोह होतो. मोहाला तोंड द्यायचा मार्ग असा:

सगळ्यांना बसवा, पाणी द्या. चहा सांगू नका. चहा म्हणजे बसायचं आमंत्रण. मग वही काढा आणि साड्यांऐवजी यादी करा. नवरीच्या किती, कोणत्या विधीच्या, मानपानाच्या किती, साधारण किती रुपयांपर्यंतच्या, सहावारी किती, नऊवारी किती, लग्न कोणत्या तारखेला. पंधरा मिनिटांत यादी होते. मग सांगा, "काकू, एवढं नीट बघायला दिवसाचा उजेड पाहिजे. ट्यूबलाइटखाली राणी आणि मरून सारखेच दिसतात, उद्या घरी जाऊन पस्तावाल. सकाळी साडेदहाला या, गादी तुमच्यासाठी राखून ठेवतो, यादीप्रमाणे माल काढून ठेवतो."

हे निमित्त म्हणून सांगायचं नाही, खरंच आहे. गर्द रंगांत आणि जरीच्या झाकेत रात्रीच्या दिव्याखाली फसगत होते, आणि असा माल बदलून मागायला हमखास परत येतो.

यादीची एक प्रत त्यांना द्या. यादी तुमच्याकडे आणि भावांचा अंदाज त्यांच्याकडे असला की ते कुटुंब सकाळी दुसऱ्या दुकानात जाण्याची शक्यता बरीच कमी होते. शून्य होत नाही, हेही धरून चाला.

परगावचे असतील आणि दुसऱ्या दिवशी येणं जमतच नसेल तर? मग फक्त नवरीच्या साड्या आज, मानपानाच्या यादीवरून तुम्ही काढून फोटो पाठवाल, असं विभागून घ्या. आणि थांबणाऱ्या माणसांना त्यांच्यासमोरच विचारा. मालकाने परस्पर "थांबतील की ते" म्हणू नये.

५. दाखवताना हात आखडता, बोलणं मोकळं

साडेआठनंतर ज्यांना बसवलंय त्यांच्यासाठी दाखवायची पद्धत बदलते.

पहिल्या साडीआधी तीन गोष्टी विचारा: किती रुपयांपर्यंत, कोणासाठी, कोणता रंग नको. "कोणता हवा" विचारलं तर "काहीही दाखवा" येतं. "कोणता नको" विचारलं की काळा, पांढरा, जांभळा अशी यादी झटकन मिळते आणि निम्मा रॅक बाद होतो.

एका वेळी तीनच साड्या गादीवर. चौथी काढायची तर एक घडी घालून परत. पोरांना हे जड जातं, कारण दिवसभर भरभर उलगडायची सवय असते. एकाने दाखवावं, दुसऱ्याने मागोमाग घडी घालावी.

पूर्ण उलगडू नका. पदर आणि काठाचा हातभर भाग दाखवा. त्यावर "ही आवडली" आलं तरच अंग उघडा. अंगावर लावून बघायची असेल तर एकच, आरशासमोर, उभ्याने. एकदा उभं राहिलेलं गिऱ्हाईक सहसा पुन्हा बसत नाही.

ठरवणारं माणूस कोण आहे ते ओळखा आणि त्याच्याशी बोला. सातजण आले असले तरी निर्णय एक-दोघांचा असतो. बाकीच्यांना खुर्च्या द्या.

चुका ज्या मी रोज बघतो:

घाईत भाव पाडणे. "चला, वेळ झालीय, शंभर कमी द्या." हे एकदा केलंत की गावात कळतं: नऊला जा, स्वस्त मिळतं. मग तुम्हीच उशिरा येणारं गिऱ्हाईक तयार करता.

उरलेला, पडून राहिलेला माल रात्री खपवणे. कमी उजेडात डाग दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी दिसतो.

आपापसात मोठ्याने बोलणे. "शेठ, माझी गाडी गेली बघा." गिऱ्हाईक ऐकत असतं. त्याला लाज वाटते किंवा राग येतो. दोन्हीतून साडी विकली जात नाही.

६. वेळ भरत आली की काय म्हणायचं

बिलाच्या वेळेआधी पंधरा मिनिटं एकदा सांगा. एकदाच, आणि मालकाने किंवा गल्ल्यावरच्याने, दाखवणाऱ्याने नाही. दाखवणारा गिऱ्हाइकाच्या बाजूचा राहिला पाहिजे.

वाक्य साधं: "ताई, पावणेनऊ झाले. या तिघींतली एखादी बसतेय का मनात? नाहीतर दोन राखून ठेवतो, उद्या निवांत बघा."

यात वेळ आहे, पर्याय आहे आणि निघायला वाटही आहे. "लवकर करा", "आम्हालाही घर आहे", "घ्यायचंय का नक्की?" ही वाक्यं कितीही दमला असाल तरी गिळा.

इशाऱ्यांनी बोलू नका. पंखा बंद करणे, मागचे दिवे घालवणे, किल्ल्यांचा जुडगा वाजवणे, जांभई. इशारा ओळखणारं गिऱ्हाईक दुखावतं, न ओळखणारं बसूनच राहतं. दोन्हीकडे तोटा.

सावध: शटर. नवीन माणूस आत येऊ नये म्हणून आत गिऱ्हाईक असताना अर्धं शटर ओढायची पद्धत सर्रास आहे. आत बायका-मुली बसलेल्या असताना हे करू नका. बाहेरून न दिसणाऱ्या दुकानात, मागे पुरुष नोकर, समोर अर्धं लोखंड. त्यांना कसं वाटत असेल याचा विचार करा. शिवाय वाकून बाहेर पडताना म्हाताऱ्या माणसाचं डोकं आपटतं, हे आमच्याकडे झालंय. दारात एक माणूस उभा करा. आलेल्याला तो तिथेच दोन वाक्यांत सांगेल. शटर शेवटचं गिऱ्हाईक पायरी उतरल्यावर.

७. राखून ठेवायची नीट पद्धत

"उद्या या" म्हणायला बळ येतं ते राखून ठेवण्यामुळे. पण हे तोंडी चाललं की सकाळी दोन बायका एकाच साडीवर हक्क सांगत उभ्या असतात.

चिठ्ठी करा. तिच्यावर नाव, फोन नंबर, साडीचा नग क्रमांक, ठरलेला भाव आणि "अमुक वाराच्या अमुक वाजेपर्यंत". एक चिठ्ठी साडीला टाचणीने नको, जरीत भोक पडतं; पिशवीला लावा. दुसरी गिऱ्हाइकाला.

जास्तीत जास्त दोन साड्या, जास्तीत जास्त दोन दिवस. लग्नसराईत एकच दिवस. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की चांगल्या साडीला एक दिवससुद्धा राखणं महाग पडतं. तेव्हा थोडी आगाऊ रक्कम घ्या आणि चिठ्ठीवर लिहा. आगाऊ रक्कम परत मिळणार की मालात वळती होणार, तेही लिहा. न लिहिलेल्या शंभर रुपयांवरून जेवढं वाजतं तेवढं दहा हजारांवरून वाजत नाही.

फोटो काढू द्यायचा का? मी देतो. घरी नवऱ्याला, सासूला दाखवायचा असतो. न दिल्याने गिऱ्हाईक थांबत नाही, रुसतं.

८. बिल आणि पैसे: रात्री इथेच पाय घसरतो

दमलेला माणूस आणि शेवटचं बिल, या जोडीत चुका होतात. म्हणून ठरलेला क्रम: नग मोजा, बिल वाचून दाखवा, पैसे घ्या, खात्री करा, मग पिशवी द्या.

यूपीआय असेल तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण पुरेशी धरू नका. स्पीकरचा आवाज किंवा तुमच्या स्वतःच्या ॲपमधली नोंद बघा. बनावट स्क्रीनशॉट दाखवणारे मुद्दाम गडबडीची वेळ निवडतात. "बँकेचा सर्व्हर चालत नाहीये, पैसे कापले गेलेत" असं झालं तर साडी चिठ्ठीसह राखून ठेवा. सकाळी पैसे दिसले की द्या.

दिवसभर बाजार करून आलेल्या गिऱ्हाइकाची यूपीआयची दिवसाची मर्यादा सराफाकडेच संपलेली असते, हे ध्यानात घ्या. मोठी खरेदी असेल तर साड्या काढायच्या आत विचारा, "पैसे कसे द्याल?" कार्ड मशीनचा दिवसाचा हिशेब शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावरच बंद करा.

रोकड मोठी असेल तर आयकर कायद्याची मर्यादा विसरू नका: एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारासाठी, किंवा एकाच प्रसंगाच्या व्यवहारांसाठी २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. लग्नाचा बस्ता हा एकच प्रसंग धरला जाऊ शकतो. बिलं फोडून दोन दिवसांची केली की सुटलो, असं समजणारे फसतात.

पाचशेच्या नोटा गिऱ्हाइकासमोर उजेडात बघा. ते गेल्यावर बघून उपयोग नाही.

९. पायरी रिकामी झाल्यावर

शटर खाली, आणि मगच गल्ला.

आधी नग मोजा. शेवटच्या तासात रॅकमधून किती काढले, किती विकले, किती राखले, किती परत गेले. गर्दीने आत येऊन चौघींनी एकदम साड्या मागायच्या आणि पाचवीने पिशवीत टाकायची, हा जुना प्रकार आहे आणि दुकान वाढवायची वेळ त्याला सोयीची असते. प्रत्येक उशिराच्या गिऱ्हाइकाकडे संशयाने बघू नका. मोजणी रोज केली की संशयाची गरज राहत नाही. ट्रायल रूम असेल तर तिथे कोणी नाही ना, हे डोळ्यांनी बघा, हाक मारून नव्हे.

घड्या त्याच रात्री. किमान सिल्क आणि जरीच्या तरी. रात्रभर चुरगळून पडलेल्या टिश्यू साडीची चुणी इस्त्रीनेही पूर्ण जात नाही. सुती राहिल्या तर चादर झाकून सकाळवर सोडा.

थांबलेल्यांचे जादा मिनिटं वहीत लिहा, त्यांच्यासमोर. "महिन्याच्या शेवटी बघू" असं ठेवलं तर महिन्याच्या शेवटी कोणालाच आठवत नाही, फक्त रुसवा आठवतो. ज्याची एसटी चुकली त्याच्या रिक्षाचं भाडं गल्ल्यातून.

देव्हाऱ्यातली समई, उदबत्ती पूर्ण विझली का बघा. कापडाच्या दुकानात हे सांगावं लागू नये, पण दमलेल्या रात्री नेमकं हेच राहतं. इस्त्री, मग मेन स्विच. कुलूप दोघांनी बघायचं.

१०. दुसऱ्या दिवशी सकाळी

ज्यांना "सकाळी या" म्हटलंय त्यांची चिठ्ठी गल्ल्याजवळ, सगळ्यांत वर. दुकान उघडल्यावर पहिलं काम त्यांचा माल काढून ठेवणं. रात्री मालकाने कबूल केलं आणि सकाळी गादीवर दुसराच पोरगा बसलाय, त्याला काही माहीत नाही, असं झालं तर ते गिऱ्हाईक गेलंच.

बस्त्यावाल्यांना दहाच्या सुमाराला एक फोन करा. "निघालात का?" नका विचारू, मागे लागल्यासारखं होतं. "यादीतल्या हिरव्या काठाच्या दोन मिळाल्या, काढून ठेवल्यात," एवढं सांगा.

मुदत संपली तरी कोणी आलं नाही तर राखलेली साडी विकायला मोकळे आहात. फक्त त्याआधी त्या नंबरवर एकदा फोन करा, आणि चिठ्ठीच्या मागे वेळ लिहून ठेवा. ती बाई चौथ्या दिवशी येतेच.